हळदीचा खटला जिंकला, पण जखमेवरची पट्टी कोणाची?

१९९७ च्या ऑगस्ट महिन्यात, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाचे ढोल वाजत असतानाच, अमेरिकेतून एक वार्ता आली. जखम भरून येण्यासाठी हळदीची पूड वापरण्याच्या पद्धतीवर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मार्च १९९५ मध्ये मिळालेले पेटंट अमेरिकेच्याच पेटंट कार्यालयाने फेटाळून लावले होते. मी त्या वेळी एका दैनिकात उमेदवारी करणारा उपसंपादक होतो. रात्रपाळीत तार हाती पडली, तेव्हा मथळा कोणी द्यायचा यावरून आमच्यात चढाओढ लागली होती. दुसऱ्या दिवशी बहुतेक वृत्तपत्रांत ‘हळदीघाट जिंकला’ या अर्थाचेच मथळे होते. त्या संज्ञेचा मोह तेव्हा मलाही आवरला नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

विजय खरा होता, त्याचे मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये ते पेटंट आव्हानित केले आणि संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांतले आणि आधुनिक नियतकालिकांतले असे बत्तीस संदर्भ पुढे ठेवले. त्यांत १९५३ सालचा भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील लेखही होता. ज्या दोघा संशोधकांच्या नावे ते पेटंट होते, ते दोघेही मूळचे भारतीयच, हा या कथेतला सर्वांत बोचरा तपशील होय. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले, २००९ पासून युरोप आणि अमेरिकेची पेटंट कार्यालये ते तपासू लागली. कडुनिंबाच्या बुरशीनाशक गुणांवरचे युरोपीय पेटंट २००० मध्ये रद्द झाले आणि २००५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झाले. दार लावले गेले, कडी घातली गेली, पहारा बसला.

प्रश्न आहे तो पुढचा. दाराआड जपून ठेवलेल्या त्या ज्ञानाचे आपण केले काय?

दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या वहिनींच्या अंगावर उकळते तेल सांडले. उजवा हात आणि मांडी. तालुक्याच्या गावाहून त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी आणले. रुग्णालयाचे नाव सांगून काही साधणार नाही. जे तेथे घडले ते कोठेही घडते. जाळीदार कापडाच्या घड्या मलम लावून जखमेवर ठेवल्या जात आणि दुसऱ्या दिवशी त्या सुटत नसत. परिचारिका सलाइनचे पाणी ओतून त्या भिजवी, हळूहळू सोलून काढी, आणि कापडाबरोबर नुकती धरू लागलेली कोवळी त्वचाही निघून येई. वहिनींनी आयुष्यात आवाज चढवल्याचे कोणाला आठवत नव्हते. त्यांची ती किंकाळी मी भिंतीपलीकडून ऐकली. शेवटी पुतण्याने शहरातून निराळ्या पट्ट्या मागवल्या. रुपेरी पाकीट, त्यावर परदेशी कंपनीचे नाव, आत पांढऱ्या लोकरीसारखा मऊ थर. ती पट्टी चिकटत नव्हती, पाण्याच्या धारेसरशी निघून येत होती. मी पाकिटावरची बारीक अक्षरे वाचली, तर घटकद्रव्य निघाले कॅल्शियम अल्जिनेट. म्हणजे समुद्रातल्या तपकिरी शैवालापासून काढलेला पदार्थ!

या पट्टीत जादू नाही, साधे रसायन आहे. अल्जिनेट हे निसर्गाने एकाला एक साखरेचे दुवे जोडून बनवलेले लांबलचक साखळीचे द्रव्य. शास्त्रज्ञ त्याला बहुवारिक किंवा पॉलिमर म्हणतात. कापसातला सेल्युलोज, कोळंबीच्या सालीतला कायटिन, बटाट्यातला स्टार्च ही त्याचीच भावंडे. जखमेतून पाझरणाऱ्या द्रवातला सोडियम त्या धाग्यांतल्या कॅल्शियमची जागा घेतो आणि धागा विरघळून मऊ लगदा होतो. जखम ओलसर राहते, पट्टी चिकटत नाही. ओली जखम लवकर भरते हे १९६२ साली लंडनमध्ये जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले. उघड्यावर खपली धरलेल्या जखमेपेक्षा झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने पसरते. अल्जिनेट स्वतः काही नवे नव्हते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील शैवालातून ते वेगळे करण्याची कृती १८८१ सालचीच. शंभर वर्षांनी तिची व्रणपट्टी झाली, व्यापार झाला आणि ती माझ्या पुतण्याच्या पिशवीतून आमच्या घरी आली.

आता आपल्या घरात काय होते ते पाहू. ज्यांना परंपरेचे नाव काढताच हसू येते त्यांच्यासाठी, आणि परंपरेचे नाव काढून जे तेवढ्यावरच तृप्त होतात त्यांच्यासाठीही.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील पहिल्याच अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांतला एक आहे ‘पत्रदान’, म्हणजे व्रणावर पान ठेवणे. कोणत्या दोषाच्या व्रणावर कोणत्या वनस्पतीचे पान, हेही तेथे आहे. पण खरी गंमत कारणात आहे. पट्टीचे कापड लेपातील स्नेह आणि औषधाचे सार शोषून घेते. मध्ये पान घातले की ते घेत नाही, म्हणून लेपावर पान ठेवावे, असे सुश्रुत सांगतो. कापड आणि जखम यांच्यामध्ये न शोषणारा, न चिकटणारा थर असावा, हे ज्याने ओळखले त्याने रुग्णाची किंकाळी ऐकलेली होती. सूत्रस्थानात तर बंधनद्रव्यांची यादीच आहे : कापूस, क्षौम, लोकर, रेशीम, झाडाची अंतर्साल आणि बांधण्याचे चौदा प्रकार. सुश्रुताने विंटरचा सिद्धांत आधीच मांडला होता, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि त्यांनी आपले हसेच अधिक करून घेतले आहे. निरीक्षण वेगळे, मोजमाप करून सिद्ध करणे वेगळे. पण निरीक्षण हाती असताना मोजमाप करण्याचा कंटाळा करणे याला काय म्हणावे?

आणि कंटाळा सर्वांनीच केला, असेही नाही. या कथेचा हाच भाग मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसतो, म्हणून तो जरा विस्ताराने सांगतो.

मुंबईत परळच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. केसवानी भाजलेल्या मुलांवर उपचार करीत. परदेशी कृत्रिम आवरणे परवडणारी नव्हती, दान केलेली त्वचा मिळत नव्हती. त्यांनी उकडलेल्या बटाट्याची साल घेतली. हो, जी आपल्या घरी रोज केरात जाते तीच. ती साल जाळीदार कापडावर चिकटवून, गुंडाळी करून, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करून त्यांनी भाजलेल्या जखमांवर लावली. १९८५ मध्ये भाजण्याच्या उपचारांना वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात त्याचा पहिला वृत्तान्त आला, पुढे १९९० मध्ये ऊतींची आणि जंतूंची तपासणीही प्रसिद्ध झाली. सालीच्या बाहेरच्या थरामुळे जखमेतील ओल टिकते आणि पट्टी चिकटत नाही, एवढाच त्यातला मथितार्थ.

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. देशातील पहिली त्वचापेढी २००० साली याच रुग्णालयात सुरू झाली, हे अनेकांना आठवत असेल. त्यांनी केळीचे पान निवडले. पान मोठे, गुळगुळीत, मेणासारखा थर असलेले, बारमाही मिळणारे. त्याचेही निर्जंतुकीकरण वाफेच्या दाबाखाली होते. त्वचारोपणासाठी ज्या जागेवरून त्वचा काढतात त्या जागेची जखम भयंकर ठणकते. तेथे रूढ व्हॅसलीन गॉजशी केळीच्या पानाची तुलना झाली, आणि भाजलेल्या जखमांवर बटाट्याच्या सालीशी. २००३ मध्ये दोन्ही अभ्यास प्रसिद्ध झाले. पट्टी काढताना वेदना नाही, जखम भरण्यात कोठे मागे नाही, आणि खर्च इतका कमी की बटाट्याची सालही त्यापुढे महाग ठरावी!

तिसरे नाव सोलापूरचे. डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुब्रह्मण्यम यांनी मधावर काम केले. १९९१ मध्ये ब्रिटिश शल्यचिकित्सा नियतकालिकात त्यांचा लेख आला. एकशे चार भाजलेले रुग्ण. निम्म्यांच्या जखमांवर मध, निम्म्यांवर सिल्व्हर सल्फाडायझिनचे ते पांढरे मलम, जे आजही प्रत्येक सरकारी कपाटात असते. मधाच्या गटात ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या गटात ७ टक्के. पंधरा दिवसांत मधाने ८७ टक्के जखमा भरल्या, मलमाने १० टक्के. पुढे १९९६ मध्ये त्यांनी मधाची आणि मुंबईच्या बटाट्याच्या सालीचीही तुलना केली, आणि मध सरस ठरला. सोलापूरकराने मुंबईकराचे काम पुढे नेऊन तपासले; शास्त्र असेच वाढत असते.

यानंतर जे घडले ते दोन वेगळ्या देशांत दोन वेगळ्या तऱ्हांनी घडले.

न्यूझीलंडमध्ये वायकाटो विद्यापीठात पीटर मोलन हे प्राध्यापक मानुका नावाच्या झुडपाच्या मधाचा अभ्यास करीत होते. मध जखमेवर चालतो याचा पुरावा मांडताना त्यांनी आपल्या समीक्षालेखांत सोलापूरच्या आकडेवारीचा आधार घेतला. तेथील मधुपालक, विद्यापीठ, उद्योग एकत्र आले. मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करणे, त्याची ताकद मोजण्याची पद्धत ठरवणे, तो अल्जिनेटच्या धाग्यांत मुरवून पट्टी तयार करणे हे सारे पद्धतशीर झाले. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पट्टीला विक्रीची अनुमती दिली. शैवालाचा धागा, त्यात मध! एका लहानशा देशाने एका रानझुडपाच्या फुलाचे नाव जगभर पोहोचवले.

आणि आपण? २००८ मध्ये जगभरच्या चाचण्यांचे मूल्यमापन करणाऱ्या कॉक्रेन समीक्षेने मध अंशतः जाडीच्या भाजण्यावर उपयुक्त दिसतो असे नोंदवले. पण एक शेरा मारला. भाजण्यावरच्या या चाचण्या एकाच केंद्रातून आल्या आहेत, इतरत्र तोच निष्कर्ष येईल का याविषयी शंका राहते. वाचकहो, हा शेरा वाचून मला राग आला नाही, लाज वाटली. तो शेरा रास्त आहे. विज्ञानात एकाने सांगितलेले दहांनी पडताळल्याखेरीज खरे मानत नाहीत, मानूही नये. विशेषतः आकडे इतके डोळे दिपवणारे असतील तेव्हा तर नाहीच. मग पडताळायचे कोणी? पुण्याचे, नागपूरचे, मिरजेचे, औरंगाबादचे, आज ज्याला आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो तेथले शल्यविभाग सोलापूरपासून किती दूर होते? रुग्ण होते, मध होता, हाताशी लेख होता. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आहे. महाबळेश्वरचा मध तर आपण पाहुण्यांना भेट देतो. निर्जंतुकीकरणाचा प्रश्न म्हणावा, तर वैद्यकीय वस्तू गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारे भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘आयसोमेड’ संयंत्र तुर्भ्याला १९७४ पासून उभे आहे. सगळे साहित्य एका राज्यात, अर्ध्या दिवसाच्या प्रवासाच्या टापूत, आणि स्वयंपाक मात्र न्यूझीलंडात झाला!

याचे खापर नेहमीप्रमाणे परकीयांवर फोडून मोकळे होता येणार नाही. कोणी आपले केळीचे पान चोरले नाही. उलट अडचण अशी की ते चोरण्याजोगेच नाही. २००२ मध्ये आपण आपल्याच पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात तरतूद केली की वस्तुतः पारंपरिक ज्ञान असलेल्या गोष्टीवर पेटंट मिळणार नाही. तरतूद योग्यच आहे. पण तिचा एक परिणाम आपण लक्षात घेतला नाही. ज्या वस्तूवर कोणाचाही मक्ता नाही, तिला विक्रेताही नाही. परदेशी पट्टीचा प्रतिनिधी टाय लावून दर महिन्याला डॉक्टरांच्या दारात उभा असतो, परिषदांचे मंडप तो घालतो, नमुने तो वाटतो. केळीच्या पानासाठी कोण उभे राहणार? बटाट्याच्या सालीची रंगीत माहितीपत्रके कोण छापणार? बाजार जेथे हात आखडतो तेथे राज्याने हात घालायचा असतो. नेमके तेथेच आपले आरोग्य खाते निविदा काढते, आणि निविदेत ज्याची कंपनी नाही त्या वस्तूला रकानाच नसतो.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनला कापूस स्फोटकांसाठी लागू लागला आणि जखमी सैनिकांच्या मलमपट्टीला तो पुरेना. स्कॉटलंड-आयर्लंडच्या दलदलींत स्फॅग्नम नावाचे शेवाळ उगवते. तेथील खेडूत ते पूर्वापार जखमांवर बांधत. ते आपल्या वजनाच्या सुमारे वीसपट द्रव शोषते. एडिंबरामधील एका शल्यविशारदाने आणि एका वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा पुरस्कार केला. मग बायकामुले दलदलीत उतरली, शेवाळ वेचले गेले, वाळवले गेले, पिशव्या शिवल्या गेल्या. १९१८ पर्यंत महिन्याला दहा लक्षांच्या आसपास पट्ट्या तयार होत. ज्या साम्राज्याने आपल्या वैद्यांना अडाणी ठरवले, त्याने स्वतःच्या खेडुताचे औषध गरज पडताच तपासले आणि कारखान्यासारखे राबवले. आमच्याकडील इंग्रजाळलेल्या विद्वानांनी त्यांच्याकडून नेमके हेच तेवढे घेतले नाही.

या विद्वानांचा आक्षेप ठरलेला असतो, की हा सगळा ‘आजीबाईचा बटवा’ आहे. आक्षेप घेणाऱ्यांपैकी किती जणांनी शीव किंवा सोलापूरचे लेख वाचले आहेत? शैवालाची पट्टी परदेशी पाकिटातून आली की ती प्रगत तंत्रज्ञान, केळीचे पान शीवच्या रुग्णालयातून आले की तो बटवा. ही बुद्धिनिष्ठा नव्हे, पाकीटनिष्ठा आहे.

पण आपल्या बाजूच्या मंडळींनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. दूरचित्रवाणीवर भगव्या रंगाच्या डब्या विकणारे आणि भ्रमणध्वनीवर ‘भाजल्यास तत्काळ हळद लावा’ असे संदेश पसरवणारे परंपरेची सेवा करीत नाहीत, तिचा घात करतात. स्वयंपाकघरातील हळद निर्जंतुक नसते. बाजारातल्या पुडीत रंगाची भेसळ असू शकते. बरणीतल्या मधात जंतूंचे बीज असू शकते. अंगणातले पान तोडून मोठ्या जखमेवर ठेवणे म्हणजे जंतुसंसर्गाला निमंत्रण. भाजल्यावर घरी करायचे ते एकच : नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे तो भाग धरणे, स्वच्छ कापडाने झाकणे आणि रुग्णालय गाठणे. पान, साल, मध यांची किंमत आहे ती रुग्णालयात, निर्जंतुक होऊन, डॉक्टरच्या देखरेखीखाली. केसवानी आणि गोरे यांनी पानाला-सालीला आधी वाफेच्या भट्टीतून काढले आणि मगच रुग्णाला लावले, हे विसरून केलेला परंपरेचा गजर निव्वळ कोलाहल होय.

कोळंबीच्या सालीची गोष्ट थोडी आशेची आहे. त्यातल्या कायटिनपासून बनणारे कायटोसान धन भारित असते, रक्तातल्या पेशी ऋण भारित. दोन्ही एकमेकांना धरतात आणि रक्तस्राव थांबतो. अमेरिकेने २००२ मध्ये अशा पट्टीला मान्यता देऊन ती इराक-अफगाणिस्तानच्या रणभूमीवर नेली. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय मत्स्यतंत्रज्ञान संस्थेने कायटोसान बनवण्याची कृती विकसित केली आणि एका भारतीय कंपनीची ‘अ‍ॅक्झिओस्टॅट’ ही कायटोसानची पट्टी आज आपल्या सैन्यदलांत वापरली जाते. जमते, हे यावरून दिसते. प्राण्यांच्या कातड्यातील कोलॅजनपासूनही पट्ट्या बनतात. ते कोणत्या प्राण्याचे आहे हे रुग्णाला विचारूनसवरून सांगितले जावे, एवढा त्याचा अधिकार निश्चितच आहे. वनस्पतीच्या पट्टीपुढे हा प्रश्नच उद्भवत नाही. ती हिंदूला चालते, जैनाला चालते, मुसलमानालाही चालते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मध्यम वा गंभीर भाजतात. कोणाच्या स्टोव्हचा भडका उडतो, कोणाचा पदर पेटतो, कोणाचे मूल आंघोळीच्या कढत पाण्यात पडते. यांतल्या बहुतेकांच्या घरी रुपेरी पाकीट मागवणारा पुतण्या नसतो. त्यांची पट्टी उद्या सकाळी सोलली जाणार आहे.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने मनात आणले तर सोपे काम आहे. शीवची पद्धत जशीच्या तशी लिहून घ्यावी, पाच वैद्यकीय महाविद्यालयांच्या भाजलेल्यांच्या कक्षांत एकाच आराखड्याने दोन वर्षे केळीचे पान, मध आणि रूढ गॉज यांची तुलना करावी, निकाल जो येईल तो प्रसिद्ध करावा. मध हरला तर हरला म्हणावे. पान जिंकले तर ते सरकारी खरेदीच्या यादीत घालावे आणि पट्ट्या बनवण्याचे काम जळगावच्या बचत गटांना द्यावे. तेथे घड उतरल्यावर केळीची पाने बांधावर पडून वाळतात. माशेलकरांच्या चमूने बत्तीस संदर्भ गोळा करून अमेरिकेला धाडले, त्यापेक्षा हे अवघड नाही. वहिनींचा हात आता बरा आहे. दोन बोटे मात्र पुरती मिटत नाहीत.